अडीचशे रुपयांचा बूट

२०२४च्या रमजानचे शेवटचे दिवस होते. शाळेतून निघायला उशीर झाला होता. इफ्तारला दहा मिनिटं उरली होती आणि मी घाईघाईनं गाडी आमच्या बोळात वळवली. अब्बा दारातच उभे होते. मी उतरायच्या आत त्यांनी विचारलं, "हा आवाज कधीपासून येतोय?"

"कुठला आवाज?"

"वळताना. कट्-कट्-कट्."

खरं सांगायचं तर तो आवाज मी दीड-दोन महिने ऐकत होते. काच वर केली की तो कमी व्हायचा, म्हणून मी काच वर करत होते.

आमची गाडी मारुती ८००, २००६ची. अब्बांनी ती घेतली तेव्हाच चार वर्षं वापरलेली होती. त्याआधी जवळजवळ पंचवीस वर्षं अब्बांनी वडापची जीप चालवली, कधी पाटण–मोरगिरी, कधी पाटण–कोयनानगर. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी जीप विकली आणि ही छोटी गाडी घरात आली. पुढं मोरणा खोऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. अब्बा म्हणाले होते, "चालव, पण तिचं ऐकत जा." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं.

ईद झाल्यावर अब्बांनी मला गाडीखाली वाकून बघायला लावलं. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं होतं, आणि भात्यासारख्या चुण्या असलेला एक रबरी तुकडा फाटून लोंबत होता. "हा बूट," अब्बा म्हणाले. "हा फाटला त्याच दिवशी बदलला असता, तर अडीचशे रुपयांत काम होतं. आता आतला जॉइंट गेला."

ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे काय हे मला त्या दिवशी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. जीपमध्ये इंजिन पुढं असतं आणि जोर मागच्या चाकांवर जातो. तो जोर नेणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून फिरत असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर टोपणं असतात आणि टोपणांत सुईसारखी बारीक बेअरिंग. दांडा तिरका असला तरी क्रॉसमुळं फिरू शकतो. पण क्रॉसची एक खोड आहे. तिरक्या दांड्याचा वेग तो सारखा ठेवत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढवतो आणि दोनदा कमी करतो. म्हणून जीपच्या दांड्याला दोन क्रॉस लागतात. एकाची चूक दुसरा भरून काढतो. (सासू-सुनेच्या घरातही असं चालतं, असं अम्मी म्हणाली. ते तिथंच सोडून देते.)

मारुतीचा मामला वेगळा. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीला जोर मागच्या चाकांवर असायचा. १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० मात्र पुढच्या चाकांवर ओढली जाते. म्हणजे तीच चाकं गाडी ओढणार आणि वळणारही तीच. गिअरबॉक्सपासून दोन्ही बाजूंना दोन दांडे निघतात, एक लांब आणि एक आखूड. हेच ड्राइव्ह शाफ्ट. त्यांच्या चाकाकडच्या टोकाला असा सांधा हवा, की चाक पूर्ण वळलेलं असतानाही फेरा एकसारखा पडला पाहिजे. तो सांधा १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीच्या आल्फ्रेड झेपा नावाच्या इंजिनिअरनं शोधला. एका वाटीत सहा पोलादी गोळ्या असतात आणि त्या खाचांमधून सरकतात. १९५९मध्ये इंग्लंडमध्ये मिनी नावाची छोटी गाडी आली तेव्हा असले जॉइंट घराघरातल्या गाड्यांत पोहोचले. आपल्याकडे लोक त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. मिस्त्री लोक नुसतं 'एक्सल गेला' म्हणतात.

जीपच्या क्रॉसला ग्रीस भरायला एक निप्पल असतं. अब्बा दर शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या गुसलच्या आधी, ग्रीसगन घेऊन जीपखाली शिरायचे. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढं अजून आहे. मारुतीच्या जॉइंटला असलं काही नसतं. ग्रीस एकदाच भरतात आणि वरून रबरी बूट चढवतात. त्याची राखण तेवढीच. बूट फाटला की फिरत्या चाकाबरोबर ग्रीस बाहेर फेकलं जातं, आणि त्याच वाटेनं चिखल आत जातो. आमच्या भागात पाऊस किती, हे वेगळं सांगायला नको. वर कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. मोरणेकडच्या रस्त्यावर जून ते सप्टेंबर मी पाण्यातूनच जाते. त्या पाण्याबरोबर येणारी बारीक वाळू जॉइंटमध्ये गेली, की सहाणेवर उगाळावं तशी ती गोळ्यांना आणि खाचांना खात राहते.

आता खरी गोष्ट. गाडी विकायचं मी आधीच ठरवलं होतं. शाळेतल्या सहकाऱ्याची २०१९ची गाडी मिळत होती. आमच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२१मध्ये संपल्यावर पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती, त्यातली दोन वर्षं शिल्लक होती. म्हणजे हीच वेळ होती. ओळखीच्या एका एजंटनं गिऱ्हाईक आणलं, किंमत पन्नास हजार ठरली. आवाजाचं मी एजंटला सांगितलं तर तो हसला. "मॅडम, त्यात जाड ग्रीस ठासून भरू, वर नवा बूट चढवू. महिनाभर तरी आवाज गप्प. जुनी गाडी आहे, 'आहे तशी घेतली' असं लिहून घेऊ."

मी हो म्हणाले.

हे लिहिताना हात अडखळतो, पण मी हो म्हणाले. नव्या गाडीला पैसे कमी पडत होते. आणि मनात एक हिशेबही होता, की अठरा वर्षांची गाडी घेणाऱ्याला काय ते माहीत असणारच. धान्याच्या ढिगात हात घालून तळाचा ओलावा दाखवल्याची हदीस मी माझ्या मुलांना सांगितलेली आहे. ग्रीस ठासून गप्प केलेला जॉइंट म्हणजे वरून वाळवलेलं धान्यच, हे मात्र मला त्या दिवशी सुचलं नाही.

रात्री जेवताना अब्बांच्या कानावर घातलं. त्यांनी एवढंच विचारलं, "घेणारा कुठला?"

"हेळवाकच्या पुढचा. आईला चिपळूणला दवाखान्यात न्यायला गाडी हवी आहे त्याला."

"म्हणजे कुंभार्ली उतरणार."

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हात धुऊन आल्यावर त्यांनी मला समजावलं. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, की इंजिन चाकांना आवरून धरतं. एका बाजूचा जॉइंट तुटला, तर इंजिनाचा सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला नुसता फिरत राहतो. दुसऱ्या बाजूचा शाफ्ट शाबूत असला तरी उपयोग नाही. चढावर असलीस तर गाडी जागची हलत नाही. उतारावर असलीस तर इंजिनाचा आधार जातो आणि फक्त ब्रेक उरतात. गिअरमध्ये टाकून उभी केलीस तरीही थांबत नाही, हँडब्रेकच लावावा लागतो. "ज्याला माहीत आहे तो सांभाळून नेईल," ते म्हणाले. "ज्याला तू सांगितलंच नाहीस, तो कसा सांभाळणार?"

आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी अम्मीलाही माहीत नव्हती. जीपच्या क्लचवरून पाय काढला की खालून 'टक' असा आवाज यायचा. क्रॉस झिजला होता. पण जीपचा हप्ता होता, धंद्याचा सीझन होता, आणि एक दिवस जीप उभी केली की एक दिवसाची कमाई बुडायची. आज करू, उद्या करू म्हणत महिना गेला. एका दुपारी कोयनेच्या रस्त्यावर, गाडी माणसांनी भरलेली असताना, पुढचा क्रॉस तुटला आणि फिरता दांडा खालून पत्र्यावर घणासारखा आदळू लागला. वर पाय ठेवून एक म्हातारी बसली होती. गाडी कशीबशी थांबली, कुणाला खरचटलंही नाही. लोक दुसऱ्या वडापनं गेले. अब्बा रस्त्याकडेला बसून राहिले.

जीपच्या पत्र्यावरचा तो पोचा मला आठवतो. मधल्या सीटखाली एक खोलगट जागा होती. लहानपणी आम्ही भावंडं तिच्यात बोरं ठेवायचो. ती कशानं झाली हे आम्ही कधी विचारलं नाही, आणि अब्बांनीही तो पत्रा कधी ठोकून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फोन केला. एजंट रागावला, ते साहजिक होतं. मुलगा मात्र गोंधळला. गाडीत दोष आहे असं विकणाऱ्यानं आपणहून सांगावं, याचा त्याला संशयच आला असावा. शेवटी म्हणाला, "मॅडम, माझ्यासमोर काम करून द्या. मग घेतो."

म्हणून मेमधल्या एका दुपारी तो, मी आणि अब्बा असे तिघं कराड रस्त्यावरच्या एका गॅरेजात बसलो. मिस्त्री आधी मला सोडून त्या मुलालाच सगळं समजावत होता. मी विचारलं, "भंगारातला शाफ्ट मिळतो म्हणे?" तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मिळतो की बाई, स्वस्तात मिळतो. पण त्याचा बूट किती दिवस फाटका होता, हे कोण सांगणार?" मग ठरलं, की शाफ्टचा दांडा ठीक आहे तर फक्त बाहेरचा जॉइंट नवा टाकायचा.

काम बघण्यासारखं होतं. चाक जमिनीवर असतानाच हबचा मोठा नट सैल करतात. मुलगा ब्रेक दाबून बसला आणि मिस्त्रीनं पान्याला लांब पाइप लावून जोर दिला. नट सुटला तेव्हा असा काही आवाज झाला, की मला वाटलं काहीतरी मोडलं. मग जॅक लावला, चाक काढलं, खालचा बॉल जॉइंट सोडवला आणि शाफ्ट बाहेर ओढला. गिअरबॉक्समधून थोडं ऑइल सांडलं. मिस्त्रीनं जुना जॉइंट हातोडीनं ठोकून दांड्यावरून उतरवला आणि डिझेलनं धुऊन आमच्यापुढं धरला. खाचांमध्ये नखाला लागतील असे खड्डे पडले होते. गोळी तिथं पोचली की ठेचकाळायची. तोच तो कट्-कट्. अब्बांनी त्या मुलाचं बोट धरून त्या खड्ड्यावरून फिरवलं. "बघ. हे ग्रीसनं भरून येतं का?"

नवा जॉइंट, काळं ग्रीस, बूट, क्लिपा. दुसऱ्या बाजूचा बूटही तडकलेला निघाला, पण आतलं ग्रीस अजून स्वच्छ होतं. तिथं नुसता बूट बदलला, अडीचशे रुपयांत. या बाजूला मात्र जॉइंट, ऑइल आणि मजुरी धरून अडीच हजारांच्या वर गेले. दोन चाकांमधला हा फरक अब्बांनी मोठ्यानं उच्चारला नाही, पण बिल दोनदा वाचलं.

मग शेजारच्या मोकळ्या जागेत मुलानं स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी गोल फिरवली, मग दुसऱ्या बाजूला. आम्ही काच खाली करून ऐकत होतो. काही नाही. अब्बा त्याला सांगत होते, "वळताना वाजलं तर बाहेरचा जॉइंट. सरळ रस्त्यावर जोर दिल्यावर थरथरली तर आतला. आणि वेगाबरोबर सारखी घुंई वाढत गेली, तर शाफ्ट नाही, चाकाचं बेअरिंग. पाऊस लागायच्या आधी आणि संपल्यावर बूट बघत जा." फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या. किल्ली देताना अब्बांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला, तेवढंच.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी अब्बांच्या फोनवर त्या मुलाचा फोन आला. अब्बांना हल्ली नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांनी स्पीकर लावला होता. "चाचा, पाऊस संपला. दोन्ही बूट बघितले. कोरडे आहेत."

"शाबास," अब्बा म्हणाले. आईची तब्येत विचारली, दुआ दिली, फोन ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"आणि तुझ्या गाडीचे?"

मी टॉर्च शोधायला उठले.