बाबांची पद्मिनी आणि वायपर

जुन्या गाडीचा वायपर बंद पडला की आधी कान द्यायचा. मोटर गुणगुणतेय, पण दांडी हलत नाही? मग बुडाचा नट ढिला असेल, किंवा आतल्या सांध्यांतलं ग्रीस वाळून दगड झालं असेल. आवाजच नसेल तर फ्यूज, मग अर्थिंगची गंजलेली जागा. लोक उगाच थेट मोटर बदलायला धावतात. वॉशर सोपा: बोअरच्या पाण्याचा क्षार नोझलमध्ये बसतो, टाचणीनं निघतो.

बाबांची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यात बनली. तो कारखाना कधीच थांबला. सिल्वासात तिचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून ही सगळी खटपट. पावसाळ्यात खानवेलच्या रस्त्यावर सर आली की पुढचा ट्रकसुद्धा दिसत नाही. आणि बाबा आता ७५ वर्षांचे.

गाडी विकू म्हटलं तर ते जेवत नाहीत. त्यामुळे आम्ही भावंडांनी अट घातली: मे महिन्यात काचेवर पाणी सोडून वायपर सलग १० मिनिटं चालले, तरच पावसात चावी त्यांच्या हातात.

यंदा ८ मिनिटं चालले. बाबांचं म्हणणं, आमचं घड्याळ हळू आहे.