दयेची दारे

मशिदीत शिरताना उजवे पाऊल आधी ठेवावे आणि अल्लाहच्या दयेची दारे आपल्यासाठी उघडावीत अशी दुआ मागावी, हा संकेत आहे. बाहेर पडताना डावे पाऊल आधी; तेव्हा मागणे त्याच्या कृपादानाचे असते. लहानपणी अब्बांनी या दोन्ही दुआ माझ्याकडून अरबीत पाठ करून घेतल्या. पुढे चाळीस वर्षे मी त्या केवळ सवयीने उच्चारीत राहिलो.

पत्नीची शस्त्रक्रिया चालू होती, त्या सकाळी रुग्णालयाजवळच्या मशिदीच्या उंबरठ्यावर मी अडखळलो. दुआतील 'ली' म्हणजे 'माझ्यासाठी'. दार तिच्यासाठी उघडायला हवे होते, आणि मी स्वतःपुरते मागत होतो! वुजू करून दोन रकात नफ्ल नमाज अदा केली. मग कुराणातील 'अल्-फुर्कान' या 25व्या सूरेतील 74वी आयत आठवली. जोडीदार आणि संतती यांच्याकडून डोळ्यांना गारवा लाभावा, अशी तीत प्रार्थना आहे. आणि ती 'आम्हांला' अशी अनेकवचनी आहे. आपल्या मराठीतही डोळे निवतातच की! हात पसरून पुढचे मी मराठीतच मागितले.

ती सुखरूप घरी आली. "काय मागितलंत?" तिने विचारले. मी आयतीचा अर्थ सांगितला. "इतक्या वर्षांत हे मला कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

तुम्हीही विचार करून पाहा: ज्यांच्यासाठी आपण मागतो, त्यांच्या कानी ते मागणे कितीदा घालतो?