फुकटची किमया

फुकट मिळालेल्या वस्तूचा उपयोग माणूस बहुधा गरजेपेक्षां अधिक करतो. आमच्या संगणकावर जिम्प नांवाची प्रणाली आहे. बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनीं रचिलेली ही प्रणाली १९९६ पासून विनामूल्य मिळते. तिला जोडावयाचीं उपकरणें, ज्यांस प्लगिन म्हणतात, तींही पुष्कळशीं फुकट. त्यांतलें जीमिक हें फ्रान्समधील एका संशोधनशाळेंत २००८ सालापासून घडत आलें असून त्यांत पांचशेंहून अधिक करामती आहेत. पहिल्या आठवड्यांत आम्हीं शेजाऱ्यांच्या मांजराचें तैलचित्र केलें, घाटांतल्या पावसाचें कोळशाचें रेखाटन केलें, आणि स्वतःस जुन्या फिल्मच्या छटेंत बुडवून पाहिलें. टक्कल होतें तेवढेंच राहिलें.

फुकटपणाचा भरंवसा सर्वत्र धरूं नये, हेंही खरें. निक कलेक्शन हा असाच नामांकित संच गूगलनें मार्च २०१६ मध्यें सर्वांस मोफत केला; पुढच्याच वर्षीं तो दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि २०१८ पासून नवी आवृत्ति विकत मिळूं लागली. जीमिकची मूळ रचनाच सर्वांस खुली असल्यामुळें तें भय नाहीं.

हात बसला तेव्हां आम्ही आजीच्या छायाचित्राकडे वळलों. तिचें हें एकच छायाचित्र. भिंतीच्या ओलीनें त्यावर बुरशीचे ठिपके पडले होते. जीमिकमध्यें एक गुळगुळीत करणारी करामत आहे. ती आंधळेपणानें पुसत नाहीं. नाकाची, पदराची कड कोणत्या दिशेनें जाते तें पाहून त्या दिशेनेंच रंग सारवते, कड ओलांडीत नाहीं. ज्याला अशी कड नाहीं तो बारीक ठिपका मात्र आजूबाजूस मिसळून जातो. पांच मिनिटांत आजी निर्मळ झाली. आम्हीं चौकट करून तें आत्याकडे नेलें.

आत्यानें चष्मा पुसला, पुन्हां पाहिलें, आणि विचारलें, "ही कोण रे?"

आजीला लहानपणीं देवी आल्या होत्या, तोंडभर वण होते. बुरशीबरोबर तेही गेले होते. यंत्राच्या लेखीं दोन्ही ठिपकेच. आम्हीं आजीला पाहिलें नव्हतें, म्हणून आमच्याही लेखीं.

"मांडीवर बसून मोजायचे मी ते," आत्या म्हणाली. "मग ती हंसायची आणि मोजणी चुकायची."

घरीं येऊन आम्हीं करामतीचा जोर कमी करून पाहिला. वण परत आले, पण बुरशीही आली. शेवटीं संगणक उचलून आत्याकडेच नेला. मूळ छायाचित्राचा थर खालीं, स्वच्छ केलेला वर. ती सांगेल तेवढ्या जागीं वरचा थर खोडावयाचा. तीन दुपारी हें काम चाललें. "हा ओलीचा. हा तिचा. हाही तिचा, इथं कुंकवाचं बोट अडकायचं." एरवीं पोथीचीं अक्षरें न दिसणारी आत्या त्या बिंदूंत एकदांही चांचरली नाहीं.

डाव्या गालावर कानाजवळच्या एका ठिपक्याशीं मात्र ती थांबली. बराच वेळ पाहत राहिली. "राहूं दे," म्हणाली. आम्हीं तो राहूं दिला.