पाय टेकले पाहिजेत

आम्ही अंगाने ठेंगणे; आमच्या मोटारसायकलीची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर उंच. थांबताना केवळ चवडे टेकत. तरी लोक हसतील म्हणून आम्ही ती कमी करवून घेतली नाही. एका रविवारी आईला मागे बसवून निपाणीहून बेळगावच्या फातिमा मातेच्या कॅथेड्रलमध्ये मिस्सेला निघालो. स्तवनिधीच्या घाटात थांबावे लागले. मागच्या भाराने गाडी कलली, चवडा निसटला आणि आईच्या मनगटास इजा झाली. ती एवढेच म्हणाली, “बाळा, पाय पुरत नाहीत, तर सीट कमी करून घे की.”

कारागिराने सीटच्या पुढील भागाचा फोम इंचभर कापला, कडा अरुंद केल्या. मागची जागा तशीच राखली. मागचे शॉक ॲब्सॉर्बर मात्र आखूड केले नाहीत. तसे केल्यास दोघांच्या ओझ्याने चाक मडगार्डास घासते. उलट, मागे कोणी बसणार असल्यास त्यांची स्प्रिंग घट्ट करावी, असे त्याने बजाविले. आता एक पाय पुरता टेकतो; तेवढे पुरे.

ठेंगणा जक्कय झाडावर चढला, तेव्हा प्रभूने त्यास खाली बोलाविले. आमचा अभिमान खाली उतरावयास आईस दुखणे सोसावे लागले, हे शल्य उरले आहे.