उदाईची उंची

नदीची ओळख सांगताना आपण आधी तिची लांबी सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या उदाईला हे माप लावले, तर तिची दखलही घ्यावीशी वाटणार नाही. पण छोट्या नदीचे खरे मोठेपण ती किती लांब वाहते यापेक्षा किती उंचावरून उतरते यात असते. सातपुड्याच्या या भागात तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे, तर खाली नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर. एवढा उतार थोडक्या मुलखात सामावलेला आहे, म्हणूनच अक्राणीच्या डोंगरांतून नर्मदेकडे निघालेली उदाई बिलगावजवळ कातळावरून कोसळते. दख्खनच्या लाव्ह्याचे थर सारखे टणक नाहीत. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर कड्यासारखा पुढे राहतो आणि तिथे धबधबा जन्मतो.

या उंचीची किंमत मोजता येते. दर सेकंदाला १०० लिटर पाणी दहा मीटर खाली पडले, तर त्यात सुमारे दहा किलोवॅट शक्ती असते. हेच गणित २००३ मध्ये बिलगावात प्रत्यक्षात आले. गावकऱ्यांचे श्रमदान, नर्मदा बचाव आंदोलनाची साथ आणि केरळच्या तंत्रज्ञांचे कौशल्य यांतून १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला आणि पाड्यांवर दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने तो बुडवला.

यावर कोणी म्हणेल, १४५० मेगावॅटच्या सरदार सरोवरापुढे १५ किलोवॅट ते काय? शिवाय डोंगरातल्या नदीचे पाणी उन्हाळ्यात आटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. महाराष्ट्राला त्या मोठ्या विजेतला २७ टक्के वाटा आहे, हेही खरे. पण वाटा राज्याला मिळतो आणि बुडते गाव. वीज किती झाली, एवढ्याच आकड्यात हा फरक दिसत नाही. उन्हाळ्यात धार बारीक होते, म्हणून तर वरचे जंगल आणि झरे राखायला हवेत. आणि धरणाची पातळी वाढते तेव्हा केवळ जमीन पाण्याखाली जात नाही. उपनदीला उतरायला उरलेली उंचीही कमी होते. बुडीत क्षेत्राचा हिशेब हेक्टरांत मांडतात. त्यात या बुडालेल्या उंचीचा रकानाही हवा, कारण बिलगावचे दिवे त्या उंचीवरच लागले होते.