दोष कोठें होता?

दुसऱ्याचा दोष शोधण्यास मनुष्यास फारसा वेळ लागत नाहीं. तो आपल्याच हातून घडला असेल, हें मात्र त्यास सहसा सुचत नाहीं. एका जुन्या संगणकानें आम्हांस गेल्या वैशाखांत हा धडा दिला, तो बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु.

पुण्यास असणाऱ्या आमच्या मामांनीं एक मोडींत निघालेलें वर्कस्टेशन, म्हणजे नकाशे व मोठालीं गणितें करण्यासाठीं बांधलेला भारदस्त संगणक, जळकोटास आणून दिलें. त्यांतील मुख्य चिप पेंटियम प्रो जातीची. ही जात 1995 च्या नोव्हेंबरांत प्रथम विक्रीस आली. हिवाळाभर संगणक उत्तम चालला. वैशाख लागतांच मात्र तो मध्येंच गोठूं लागला. पडद्यावरील बाण जागचा हलेना, कळा दाबून उत्तर मिळेना.

आमचा धाकटा बंधु त्यावर खेळ खेळत असे. "तूंच बिघडविलास," असें म्हणून आम्हीं त्यास संगणकाजवळ येण्याची बंदी केली. तो रडला, आपण कांहीं केलें नाहीं म्हणाला. आम्हीं ऐकिलें नाहीं.

विज्ञानाच्या गुरुजींस विचारतां ते म्हणाले, "एका वेळीं एकच गोष्ट बदला, आणि जें दिसेल तें लिहून ठेवा." आम्हीं वही घातली. पहांटे पांचास सुरू केलेला संगणक दीड तास चाले. दुपारीं दोनला सुरू केलेला 11 मिनिटांत थांबे. वीज तोडून रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांचीं सोनेरी टोंकें खोडरबरानें पुसलीं, एकेक पट्टी लावून पाहिली, फरक नाहीं. मग पंख्यांतील धूळ झाडली, तों 11 मिनिटांचीं 14 झालीं. शत्रु सांपडला: उष्णता!

ही चिप 35 वॅटच्या आसपास वीज घेते व ती बहुतेक सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. ती ओढून घेण्यासाठीं चिपेवर पात्यापात्यांचा ॲल्युमिनिअमचा ठोकळा बसविलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांस गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात. तेथील हवा उष्णता अडविते. म्हणून मध्यें एक पांढरा लेप देतात.

उष्णतेशीं व बिघाडाशीं संगणकाचा हा झगडा जुनाच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 1960 सालीं सुरू झालेल्या व 1962 सालीं पंडित नेहरूंनीं 'टिफ्रॅक' असें नांव दिलेल्या संगणकांत सुमारें 2700 निर्वात नळ्या होत्या, आणि आंतील तार तापल्यावांचून नळीचें काम चालत नसे. इतक्या नळ्यांतून बिघडलेली नेमकी हुडकणें म्हणजे धीराचीच परीक्षा. आम्हांस तर एकच ठोकळा उचलावयाचा होता.

तो उचलला, आणि आम्ही स्तब्ध झालों. खालीं लेपाचा मागमूस नव्हता. त्याच क्षणीं दिवाळीची सुट्टी आठवली. मित्रांस चिप दाखविण्याच्या हौसेनें आम्हींच तो ठोकळा काढला होता, आणि खालचा पांढरा पदार्थ मळ समजून फडक्यानें लखलखीत पुसून टाकिला होता! थंडीनें आमची चूक झांकली. वैशाखानें ती उघडी केली.

उदगिराहून लेपाची लहानशी नळी आणविली, हरभऱ्याएवढा लेप दिला. भर दुपारीं संगणक तीन तास अखंड चालला.

मग धाकट्या बंधूस हांक मारली व घडलें तें सर्व त्याच्यापुढें कबूल केलें. तें बोलणें ठोकळा काढण्याहून कितीतरी कठीण गेलें. त्यानें वही मागून घेतली, पानें चाळलीं, आणि म्हणाला, "दादा, हें यांत कोठें लिहिलें आहे?"

आम्हीं लेखणी घेतली व शेवटच्या ओळींत लिहिलें: "दोष आमचा. बंधूचा नाहीं." ती वही आज त्याच्याच पेटींत आहे.