चार झेंडावंदने

मराठवाड्यात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला वर्षाकाठी चार झेंडावंदने येतात. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट ही साऱ्या महाराष्ट्राची. चौथे, १७ सप्टेंबरचे, इथले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे तिरंगा फडकवायला बंदी होती आणि त्याच दिवशी संस्थानातल्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने हार मानली. जुन्या माणसांच्या तोंडी ती ‘पोलिस ॲक्शन’. एखाद्याचे वय काढायचे तर तिच्या आधीचा की नंतरचा, एवढे पुरे होई.

पहिली-दुसरीत झेंडावंदन म्हणजे प्रभातफेरी आणि खाऊ. ऑगस्टात रस्ते चिखलाचे, त्यामुळे नीळ घातलेला सदरा शाळेत परतेपर्यंत पांढरा राहत नाही. हातातला कागदी झेंडा दुपारी कुठे पडला, ही चौकशी मोठ्यांनी करायची असते. ध्वजसंहितेप्रमाणे तो जमिनीवर टाकता येत नाही.

आठवी-नववीत मुलगा दोरीजवळ पोचतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. आदल्या संध्याकाळी पी.टी.चे सर खांबावरची कप्पी फिरते का बघतात. झेंड्याची घडी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या आणि दोरीचा असा फास द्यायचा, की झटक्यासरशी सुटावा पण वाऱ्याने सुटू नये. केशरी पट्टा वरच येतोय ना, हे दोनदा पाहतात. संकेताप्रमाणे १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा आणि २६ जानेवारीला वर बांधलेला उलगडायचा; पुष्कळ शाळा दोन्ही दिवशी घडीच वर बांधून ठेवतात, पाकळ्यांचा मोह सुटत नाही. गाठ अडली की पाहुणे दोरी ओढत राहतात आणि सरांच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही.

नोकरी लागली की झेंडावंदन हजेरीपुरते उरते. कापडही बदलले आहे. नांदेडला खादीचे झेंडे तयार होतात. २०२१च्या अखेरीस संहितेत दुरुस्ती होऊन पॉलिस्टर आणि यंत्रावरचे कापड चालू लागले, आणि पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’त ते घरोघरी पोचले. पूर्वी पुढच्या खुर्च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या असत, आता तिथे पदाधिकारी बसतात. जिलेबी तेवढी टिकून आहे. ती खाऊन गावकरी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला बसतात आणि नळाच्या पाण्यावरून भांडण जुंपते.